लोकसंख्येचा भस्मासुर आणि दोनशे वर्षांचा वाद

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी शाळांमधून निबंधाचे काही विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. 'वाढत्या लोकसंख्येचा भस्मासुर' हा त्यातलाच एक. त्या निबंधात काय लिहायचं हेही ठरलेलं असतं. लोक अडाणी, म्हणून मुलं जास्त. मुलं जास्त, म्हणून देश गरीब. आणि उपाय एकच, सरकारने कडक कायदा करावा. ही तीन वाक्यं निबंधाच्या वहीत राहत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, एसटीच्या रांगेतही ती ऐकू येतात, आणि ती बोलणाऱ्याच्या मनात जराही शंका नसते. आज मला या तीन वाक्यांचा इतिहास सांगायचा आहे. ती आली कुठून, त्यांना उत्तर कोणी दिलं, आणि प्रत्यक्षात घडलं काय.

आधी दोन आकडे. १५ नोव्हेंबर २०२२ या दिवशी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचं संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलं. १८०० सालच्या सुमारास ती १०० कोटींच्या आसपास होती. म्हणजे पहिले १०० कोटी व्हायला माणसाचा सगळा इतिहास खर्ची पडला आणि पुढचे ७०० कोटी सव्वादोनशे वर्षांत झाले. हा आकडा ऐकून छातीत धस्स होणं स्वाभाविक आहे. पण दुसरा आकडा आपण क्वचितच ऐकतो. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, याचा तो आकडा. १९६०च्या दशकात जगात ही सरासरी पाच होती, आज ती सव्वादोनच्या आसपास आहे. भारतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सहाच्या घरात होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती दोनवर आली होती, आणि महाराष्ट्रात तर १.७वर. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहायची तर ही सरासरी २.१ असावी लागते. आपण तिच्याही खाली आलो आहोत. हे कसं घडलं, हे समजून घ्यायचं असेल तर थोडं मागे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात जावं लागेल.

त्या क्रांतीत काँदोर्से नावाचा एक गणिती आणि तत्त्वचिंतक होता. क्रांतीचा पुरस्कर्ता, पण पुढे क्रांतिकारकांच्याच रोषाला बळी पडला. अटक टाळण्यासाठी लपून राहिलेला असताना त्याने मानवी प्रगतीवर एक पुस्तक लिहिलं. १७९४ साली तो तुरुंगात मरण पावला आणि पुढच्या वर्षी पुस्तक छापलं गेलं. त्यात त्याने एक प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता: माणसं वाढत गेली आणि अन्न अपुरं पडू लागलं तर? त्याचं उत्तर असं होतं की, तोवर माणसाची समजही वाढलेली असेल. नुसती माणसं जन्माला घालणं हे आपलं कर्तव्य नाही, जन्माला येणाऱ्याला सुखाने जगता यावं हे कर्तव्य आहे, असं लोकांना कळेल आणि ते आपणहून मुलं मर्यादित ठेवतील. हाच काँदोर्से स्त्रियांना शिक्षण आणि समान नागरिक हक्क मिळावेत म्हणून त्या काळात जाहीरपणे लिहीत होता.

तीनच वर्षांनी, १७९८ साली, इंग्लंडमध्ये काँदोर्सेला उत्तर म्हणून एक निबंध निनावी प्रसिद्ध झाला. लेखक होता थॉमस रॉबर्ट माल्थस, पेशाने धर्मोपदेशक. त्याचं गणित सुप्रसिद्ध आहे. लोकसंख्या वाढते १, २, ४, ८, १६ अशी. धान्य वाढतं १, २, ३, ४, ५ असं. मग दोन्हींचा मेळ कोण घालणार? दुष्काळ, रोगराई, युद्ध. पुढच्या आवृत्तीत त्याने उशिरा लग्न आणि संयम हा मार्ग जोडला, पण गरिबांकडून त्याची फारशी अपेक्षा धरली नाही. संततिनियमनाची साधनं तर त्याला अनीतीच वाटत होती. आणि या सगळ्यातून त्याने काढलेला व्यावहारिक निष्कर्ष असा, की गरिबांना सरकारी मदत देऊ नये, कारण मदत मिळाली की ते लवकर लग्नं करतात आणि आणखी मुलं होतात.

माल्थसला मी मूर्ख ठरवणार नाही. त्याच्या आधीच्या हजारो वर्षांचं वर्णन म्हणून त्याचं म्हणणं बरंचसं खरं होतं. पण काँदोर्से आणि माल्थस यांच्यातला फरक लक्षात ठेवायला हवा. एकाला वाटत होतं की माणसाला, आणि विशेषतः बाईला, कळलं की ती ठरवेल. दुसऱ्याला वाटत होतं की गरिबाला कळणारच नाही, त्याला परिस्थितीचा चटकाच बसला पाहिजे. अमर्त्य सेन यांनी अलीकडच्या काळात या जुन्या वादाकडे पुन्हा लक्ष वेधलं. गेल्या दोनशे वर्षांतले लोकसंख्येचे सगळे वाद हे या दोघांमधलाच वाद आहे, असं मला वाटतं.

या वादाचा आपल्याशी संबंध फार लवकर आला. हिंदुस्थानात पाठवायच्या मुलकी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडमध्ये हेलीबरीला कॉलेज काढलं. तिथे इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक कोण होता? माल्थस. १८०५ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने तिथे शिकवलं. आपल्याकडे येणाऱ्या साहेबांच्या पिढ्या हे गणित शिकून बोटीत बसत होत्या.

त्या शिकवणुकीची छाप १८७६-७८च्या दुष्काळात दिसली. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगरपासून खाली मद्रास आणि म्हैसूरपर्यंत पाऊस गेला होता. दुष्काळाच्या खर्चावर देखरेख करायला व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. टेंपलसाहेब हेलीबरीतच शिकलेले, माल्थसच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात याच टेंपलनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना जगवलं होतं आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणीही खाल्ली होती. या वेळी त्यांनी ती चूक करायची नाही असं ठरवलेलं दिसतं. खडी फोडण्याच्या आणि मातीच्या कामावर येणाऱ्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडे पैसे इतकी खाली आणण्यात आली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. त्यात दिवसभर अंगमेहनत. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. एकीकडे माणसं मरत होती आणि दुसरीकडे देशातून धान्य बाहेर जातच होतं. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात सुमारे ५५ लाख माणसं दगावली, असा अंदाज आहे.

माणसं इतकी का मेली, या प्रश्नावर राज्यकर्त्यांकडे एक सोयीचं उत्तर तयार होतं: इथले लोक धान्यापेक्षा वेगाने वाढतात. आता या उत्तराची परीक्षा साध्या शिरगणतीने करता येते. १८०१ साली इंग्लंड आणि वेल्स मिळून लोकसंख्या ८९ लाख होती, १९०१ साली ती ३ कोटी २५ लाख झाली. म्हणजे साडेतीनपटीहून जास्त. हिंदुस्थानची वाढ त्या मानाने फारच मंद होती. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे ती किंचित घटलीच. वेगाने वाढत होता तो इंग्लंड, आणि तो श्रीमंतही होत होता. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं. देशाची संपत्ती दरवर्षी बाहेर नेली जाते तोवर दारिद्र्याचा दोष लोकांच्या संख्येवर टाकण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 'मुलं जास्त म्हणून देश गरीब' या वाक्याला आपल्याकडून दिलेलं हे पहिलं ठोस उत्तर.

ज्या १८७७ साली दख्खनमध्ये मजुरी कापली जात होती, त्याच वर्षी लंडनमध्ये एक खटला गाजत होता. चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी संततिनियमनाची माहिती देणारी एक जुनी पुस्तिका पुन्हा छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप होता. शिक्षा झाली, ती पुढच्या वर्षी तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली. मधल्या काळात पुस्तिकेच्या लाखावर प्रती खपल्या. पण बेझंटबाईंना मोठी किंमत मोजावी लागली. अशी बाई आई म्हणून लायक नाही, असं ठरवून कोर्टाने त्यांची लहान मुलगी त्यांच्याकडून काढून घेतली. हे दोघंही पुढे आपल्या इतिहासात आले. ब्रॅडलॉ १८८९च्या मुंबई काँग्रेसला हजर होते, आणि बेझंटबाई १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. थिऑसॉफीकडे वळल्यावर त्यांनी आपली जुनी मतं सोडली हे खरं, पण पुस्तिकेच्या खपावरून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. माहिती हाती आली की सामान्य माणसं ती घेतात. त्यांना चटका बसण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता मुंबईकडे येऊ. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही १९२१ सालीच. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते, पॅरिसला शिकून आले होते. या प्रचारापायी १९२५ साली त्यांची विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले झाले, दंड झाले, कायम पैशांची चणचण. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. १९३४ सालच्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, पण दोघांच्याही मतात फरक पडला नाही.

त्या काळात संततिनियमनावर बोलणारे इतरही होते. त्यांतल्या बऱ्याच जणांचा भर 'सुप्रजा' या कल्पनेवर होता. चांगल्या कुळातल्यांनी मुलं वाढवावीत, इतरांनी कमी करावीत, असा त्याचा एकूण सूर. कर्व्यांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. मूल हवं की नको, आणि हवं तर केव्हा, हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे, कारण शरीर तिचं आहे. देशाची संख्या वगैरे गोष्टी त्यानंतर.

गांधीजींचं मत याहून निराळं होतं. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला भेटल्या. पत्नीला नवऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे, हे गांधीजींना पूर्ण मान्य होतं. कृत्रिम साधनं मात्र मान्य नव्हती. मार्ग एकच, ब्रह्मचर्य. ज्या घरात बाईचं 'नाही' कोणी ऐकतच नाही, तिथल्या बाईने काय करावं, हा प्रश्न तसाच राहिला. त्याला हात घातला आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत पक्षाचे सभासद रोहम यांनी ठराव मांडला, की सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि साधनं पुरवावीत. ठरावामागचं सविस्तर भाषण आंबेडकरांनी तयार केलं होतं. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या, मरणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न त्यात अग्रभागी होता. ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला.

इथे थोडं थांबून पहिल्या वाक्याकडे येतो: 'लोक अडाणी, म्हणून मुलं जास्त.' १९२१ नंतर आपली लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली. १९२१ साली आजच्या भारताच्या हद्दीत २५ कोटी लोक होते, १९५१ साली ३६ कोटी झाले. पण या काळात बायकांना पूर्वीपेक्षा जास्त मुलं होऊ लागली होती का? नाही. मुलं पूर्वीइतकीच होत होती, मरण्याचं प्रमाण कमी होऊ लागलं होतं. आपल्या पणजीच्या पिढीतल्या बाया आपली मुलं मोजताना 'इतकी झाली, इतकी जगली' असं म्हणत, कारण झालेलं प्रत्येक मूल जगेल याचा भरवसा नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. देवी गेली, प्लेग गेला, हिवतापावर औषध आलं. जगली ती मुलं मोठी झाली आणि संख्या फुगली. निम्मी मुलं दगावण्याची भीती असताना, म्हातारपणी मुलाशिवाय दुसरा आधार नसताना, शेतात हाताशी माणूस हवा असताना पाच-सहा मुलं होऊ देणं हा अडाणीपणा नव्हता. तो त्या परिस्थितीतला हिशेब होता. परिस्थिती बदलल्यावर हिशेबही बदलला. पण मुलं जगतात याची खात्री पटायला एक-दोन पिढ्या गेल्या, आणि मधल्या काळातल्या वाढीला आपण भस्मासुर म्हणू लागलो.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाकडे लवकर पाहिलं, हे श्रेय द्यायला हवं. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्याच वर्षी मुंबईत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धन्वंतीबाई रामा राव, आवाबाई वाडिया आणि मार्गारेट सँगर यांच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेतून कुटुंबनियोजनाचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्माला आला. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे कर्व्यांचं काम पुढे नेत पुण्यात आधीपासूनच स्त्रियांना सल्ला आणि साधनं देत होत्या. पुढे त्या विधान परिषदेत आणि राज्यसभेतही गेल्या. हळूहळू लाल त्रिकोण आणि 'हम दो, हमारे दो' भिंतीभिंतींवर आले. पण सरकारी कार्यक्रम म्हटला की उद्दिष्ट आलं, उद्दिष्ट म्हटलं की आकडा आला. बाईची सोय हा कर्व्यांचा मुद्दा मागे पडत गेला आणि जिल्ह्याला किती 'केसेस', तालुक्याला किती, हे पुढे आलं.

त्यात बाहेरून भीतीची भर पडली. १९६८ साली अमेरिकेत पॉल एर्लिक यांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे पुस्तक आलं. सुरुवातीलाच दिल्लीतल्या गर्दीचं वर्णन आहे. रात्री टॅक्सीतून जाताना लेखकाला सगळीकडे माणसंच माणसं दिसली आणि तो घाबरला. १९७०च्या दशकात जगात कोट्यवधी लोक भुकेने मरतील, असं भाकीत त्यात होतं. आता प्रत्यक्षात काय झालं ते आपल्याच मुलखात पाहू. १९७२-७३ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, बराचसा १८७७च्याच टापूत. १९०१ साली आजच्या महाराष्ट्रात १ कोटी ९४ लाख लोक होते, १९७१ साली ५ कोटी ४ लाख. लोक अडीचपटीहून अधिक झाले होते. माल्थसच्या गणिताने आता प्रलयच यायला हवा होता. पण सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हाल झाले, गुरंढोरं गेली, सुकडी खाऊन दिवस काढावे लागले, पण माणसं लाखांनी मेली नाहीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेची पाळंमुळं याच काळातली. माणसं आधीपेक्षा जास्त, पाऊस तितकाच कमी, फरक पडला तो त्यांना जगवायचं की नाही या निर्णयामुळे.

१९७४ साली रुमानियात, बुखारेस्टला, जागतिक लोकसंख्या परिषद भरली. भारताचे आरोग्यमंत्री करण सिंह यांनी तिथे सांगितलं, की विकास हेच सर्वांत उत्तम गर्भनिरोधक आहे. ही परिषद ज्या देशात भरली होती, तिथे उलटाच प्रकार चालू होता. लोकसंख्या वाढावी म्हणून तिथल्या चाउसेस्कू सरकारने १९६६ सालीच गर्भपातावर बंदी घातली होती आणि गर्भनिरोधकं मिळेनाशी केली होती. पुढच्या एका वर्षात जन्म जवळपास दुप्पट झाले, मग लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि आकडा पुन्हा उतरू लागला. त्या चोरवाटांवर हजारो बायका मेल्या. १९८९च्या डिसेंबरात ती राजवट कोसळल्यावर सगळ्यात आधी रद्द झालेल्या कायद्यांत हा कायदा होता.

आपल्याकडे बुखारेस्टच्या भाषणानंतर दोन वर्षांत काय झालं हे अनेकांना आठवत असेल. आणीबाणी होती. एप्रिल १९७६ मध्ये त्याच करण सिंहांनी नवं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. विकासाची वाट पाहायला आता वेळ नाही, असा त्याचा आशय. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी २७ लाखांच्या आसपास झाल्या होत्या. शिक्षकांना केसेसचा कोटा, कोटा न भरल्यास पगार अडवणं, दाखला किंवा परवाना हवा तर नसबंदीचं प्रमाणपत्र, असे प्रकार अनेक राज्यांत झाले. शस्त्रक्रियांशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद पुढे शाह आयोगापुढे आली. आपला महाराष्ट्रही मागे नव्हता. ठरावीक संख्येनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही.

मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकार घालवलं, त्यात नसबंदीचा वाटा मोठा होता. भस्मासुराच्या गोष्टीत तो हात शेवटी ज्याचा त्याच्याच डोक्यावर येतो, तो इथे असा आला. पण खरं नुकसान वेगळंच झालं. पुरुषांनी नसबंदीचा धसका घेतला तो कायमचा, आणि कार्यक्रमाचं सगळं ओझं बायकांवर आलं. १९७६-७७ साली झालेल्या शस्त्रक्रियांपैकी चारातल्या तीन पुरुषांच्या होत्या. २०१९-२१च्या पाहणीत दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेली शंभरात एकसुद्धा नव्हती.

'पण चीनने करून दाखवलंच ना?' हा पुढचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चीनचं एक मूल धोरण १९८०च्या सुमाराचं. पण त्याआधीच्याच दहा वर्षांत तिथली सरासरी साडेपाचाच्या वरून पावणेतीनच्या आसपास आली होती. सक्ती आली ती उताराला लागलेल्या गाडीला ढकलायला. त्याच काळात आपल्याकडे केरळ होतं. १९७९ साली तिथली सरासरी तीन होती, १९९१ साली १.८ झाली, म्हणजे चीनपेक्षाही कमी. मुली शाळेत गेल्या, मुलं जगू लागली, दवाखाना हाकेच्या अंतरावर आला. कुणाच्या दारात पोलीस पाठवावा लागला नाही. चीनने २०१६ साली दोन आणि २०२१ साली तीन मुलांची परवानगी दिली, तरी मुलं होईनात, आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटू लागली.

१९९४ साली कैरोच्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं, की लोकसंख्येच्या धोरणाचा पाया स्त्रीचं शिक्षण, आरोग्य आणि निर्णयाचा हक्क हा असला पाहिजे. काँदोर्सेच्या मृत्यूला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षं झाली होती. भारतानेही १९९६ पासून कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं ठरवून देण्याची पद्धत बंद केली.

म्हणजे सगळं आलबेल झालं का? नाही. कुटुंब लहान झालं म्हणजे घरातल्या बाईचं मत मोठं झालं, असं आपोआप होत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. दोनच मुलं हवीत, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टाचे हे आकडे आहेत. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, तरीही. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येऊ नये, अशी तरतूद आपल्या राज्याने केली. ऐकायला बरं वाटतं. पण तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय जिने घेतलाच नाही, त्या बाईची सरपंचपदाची संधीही त्यात जाते.

एक आक्षेप रास्त आहे: पाणी, जंगल, हवा यांवर माणसांचा ताण पडतोच ना? पडतो. पण तो डोक्यांच्या संख्येइतकाच प्रत्येक डोकं किती खर्च करतं यावर अवलंबून असतो. एक अमेरिकन माणूस वर्षाला जितका कार्बन वायू हवेत सोडतो, तो सरासरी भारतीयाच्या कित्येक पट आहे. भारतातही अलिशान गाडीतल्या माणसाचा आणि पाड्यावरच्या माणसाचा हिशेब एक नाही. पृथ्वीवरच्या गर्दीबद्दल बोलताना आपण बहुधा दुसऱ्याचीच मुलं मोजत असतो.

आता वारं उलट फिरलं आहे. दक्षिण कोरियात २०२३ साली सरासरी ०.७२वर आली; पैसे वाटूनही तोवर जन्म वाढले नव्हते. २०२४ साली आंध्र प्रदेशने दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकांतली बंदी उठवली आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं आवाहन केलं. काल ज्या व्यासपीठांवरून 'दोन पुरेत' सांगितलं जात होतं, तिथून उद्या 'दोन तरी हवीतच' असं ऐकू येईल. मला भीती वाटते ती याची. चाउसेस्कूची सक्ती आणि आणीबाणीतली सक्ती यांची दिशा विरुद्ध होती, पण दोन्हींनी ज्यांचं शरीर त्यांना विचारलं नाही.

महाराष्ट्राचा १.७ हा आकडा १९७६च्या त्या विधेयकाने आलेला नाही, कारण ते कधी अमलातच आलं नाही. तो आला शाळेत गेलेल्या मुलींमुळे, लशी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाईंमुळे, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर 'आता पुरे' म्हणू शकलेल्या बायकांमुळे. पण २०१९-२१च्या त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या सुमारे २२ जणींचं लग्न राज्यात अठराच्या आत झालं होतं. त्यांना मूल कधी हवं, किती हवीत, हे कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. लोकसंख्येची काळजी असलेल्या प्रत्येकाने आधी या २२ जणींची काळजी करावी.